आई "माहीत नाही" म्हणायची

२०२३ च्या दिवाळीत कराडला गेले होते तेव्हा आईने कढी केली होती आणि त्यात मीठच नव्हतं. अजिबात नव्हतं. आम्ही सगळे जेवत होतो, दादाने गुपचूप मिठाची वाटी पुढे ओढली, वहिनीने माझ्याकडे बघितलं, आणि आई आपली शांतपणे तीच कढी भाताबरोबर खात होती. त्या रात्री गॅलरीत उभं राहून दादा म्हणाला, "विसरायला लागलीय गं ती." मी पण मान हलवली. मला तेव्हा ते इतकं उघड वाटलं होतं की दुसरं काही कारण असेल असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

हे सगळं मी इथे लिहितेय कारण गेल्या दीड-दोन वर्षांत आम्ही जे बघितलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर आईचे किमान सहा महिने तरी वाचले असते, असं मला रोज वाटतं. ओळखीतल्या चार घरांत आत्ता हेच चालू आहे. आणि प्रत्येक घरात तेच वाक्य, "वय झालं आता."

आई झेडपीच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका होती. पस्तीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग. आता पंचाहत्तरी कधीच ओलांडलेली. शुगर वीस वर्षांपासून, बीपी त्याच्याही आधीपासून, थायरॉईड, गुडघे, पायांची आग, मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे या वयाच्या कुठल्याही बाईकडे असतं तेवढं सगळं. पण ती चालती-फिरती होती, पंचाहत्तर पूर्ण झाल्यावर एसटी फुकट झाली म्हणून मुद्दाम एकटी बसून पुण्याला यायची, येताना पिशवीत आमच्यासाठी मेतकूट आणि भाजणी. जानेवारी २०२३ मध्ये अण्णा, आमचे वडील, गेले. झोपेतच गेले, हार्ट अॅटॅक. त्यानंतर ती एकदाही पुण्याला आली नाही.

आम्हाला वाटलं दुःख आहे, होईल हळूहळू कमी. ती रडायची नाही. रडली असती तर कदाचित आमचं लक्ष गेलं असतं. ती फक्त कमी व्हायला लागली, म्हणजे बोलणं कमी, खाणं कमी, देवाचं करणं कमी, रोज संध्याकाळी बातम्या संपल्या की मला फोन यायचा तो बंद, मी केला तर "हो, बरंय, ठेवते". शब्दकोडं सोडवायची ते बंद. विचारलं की "सुचत नाही". कुठल्याही प्रश्नाला उत्तर एकच, "माहीत नाही". जेवलीस का? माहीत नाही. आज कोण आलं होतं? माहीत नाही. गोळी घेतलीस का? माहीत नाही गं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला एका न्यूरोच्या डॉक्टरांकडे नेलं. नाव लिहीत नाही. वेटिंगमध्ये अडीच तास आणि आत सात-आठ मिनिटं. त्यांच्या असिस्टंटने स्मरणशक्तीची तीस मार्कांची परीक्षा घेतली, आज तारीख काय, वार काय, शंभरातून सात वजा करत जा, तीन शब्द लक्षात ठेवा, आणि मग घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. जिने पस्तीस वर्षं पुठ्ठ्याचं घड्याळ हातात धरून पोरांना मोठा काटा छोटा काटा शिकवला तिने कागदावर एक गोल काढला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "येत नाही मला." मी तिथे शेजारी बसले होते. मला तिच्याकडे बघवलं नाही.

तीसपैकी सोळा. एमआरआयमध्ये मेंदू वयानुसार थोडा आकसलेला. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आणि डोनेपेझिल नावाची गोळी सुरू. बाहेर पडताना दादा म्हणाला निदान नाव तरी कळलं. खरं सांगते, मलासुद्धा सुटल्यासारखं वाटलं. नाव मिळालं की आपण विचार करायचं थांबवतो.

पण त्या परीक्षेत आईने चूक उत्तरं दिलीच नव्हती. हे मला फार नंतर लक्षात आलं. तिने उत्तरंच दिली नव्हती.

पुढचं सांगते ते नीट वाचा, कारण हे कुणाच्याही घरी होऊ शकतं. डोनेपेझिल सुरू झाल्यावर महिन्याभरात तिला लघवीला सारखं जावं लागायला लागलं, कधीकधी बाथरूमपर्यंत पोचायच्या आधीच व्हायची. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, त्यांनी लघवी धरून ठेवायची गोळी दिली, ऑक्सिब्युटिनिन. ही गोळी मेंदूत नेमकं तेच रसायन अडवते जे पहिली गोळी वाढवायला बघते! म्हणजे एका गोळीचा त्रास थांबवायला दुसरी, आणि दुसरी पहिलीच्या विरोधात, वर म्हाताऱ्या माणसाला गोंधळात टाकणारी. शिवाय पायांच्या आगीसाठी रात्री अॅमिट्रिप्टिलीन चालूच होती, तीही त्याच जातीची. झोपेसाठी अल्प्राझोलाम, अण्णा गेले तेव्हा "आठ दिवस द्या" म्हणून दिलेली, ती वर्षभर चालू राहिली कारण बंद करा असं कुणी सांगितलंच नाही आणि मेडिकलवाला ओळखीचा. प्रत्येक डॉक्टरांनी आपापला अवयव बघितला. एकेक गोळी वेगळी घेतली तर कुठलीच अगदी चुकीची म्हणता येणार नाही, तेच तर अवघड आहे यात.

दुपारपर्यंत ती झोपलेली, संध्याकाळ झाली की अस्वस्थ. दोनदा चक्कर येऊन पडली. वहिनी मला फोनवर सांगायची, "ताई, आईंचं काहीतरी वेगळंच चाललंय, त्या रात्रीच्या वेगळ्या आणि सकाळच्या वेगळ्या असतात, एकसारख्या नाहीत." वहिनीने शाळेच्या शंभर पानी वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली होती, किती वाजता काय झालं, काय खाल्लं, किती वेळा उठल्या. मी पुण्यात बसून इंटरनेटवर वाचून तिलाच समजावत होते की डिमेन्शियात असंच असतं. आज त्याबद्दल मला वहिनीची माफी मागावीशी वाटते, मागितली पण आहे.

जूनमध्ये एका फिजिशियनला वाटलं की बाईंना डिप्रेशन असावं. बरोबर वाटलं त्यांना. त्यांनी एसिटालोप्रॅम सुरू केली. अकराव्या दिवशी रात्री दोन वाजता दादाचा फोन, आई मला ओळखत नाहीये, अण्णांना हाका मारतेय, दाराची कडी काढून शाळेला उशीर झाला म्हणतेय. मी पहाटे कात्रजचा घाट उतरले तेव्हा तिला आयसीयूत घेतलं होतं. सोडियम ११४. नॉर्मल १३५ ते १४५ असतं.

सोडियम का उतरलं? एक म्हणजे बीपीच्या गोळीत लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध होतं, हायड्रोक्लोरोथायझाइड. त्यात ही डिप्रेशनची नवी गोळी, जिच्यामुळे वयस्कर माणसांमध्ये, त्यातही बायकांमध्ये, पहिल्या दोन-चार आठवड्यांत सोडियम घसरू शकतं. ही दोन औषधं एकत्र असतील तर आठ-पंधरा दिवसांत एक रक्ताची टेस्ट करायची असते, अगदी साधी, ती कुणी लिहून दिली नव्हती. तिसरं कारण ऐकून मी आयसीयूच्या बाहेर त्या स्टीलच्या बाकड्यावर नुसती बसून राहिले. आई वर्षभर चहा आणि पोळीवर जगत होती. आणि मीठ खात नव्हती. शेजारच्या काकूंनी अण्णा गेल्यानंतर सांगितलं होतं की बीपीवाल्यांनी मीठ बंद करावं, नाहीतर हार्टचं होतं, अण्णांचं तसंच झालं. आईने मीठ बंद केलं. कढीत मीठ घालायला ती विसरली नव्हती. तिने घातलं नव्हतं. आम्ही विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, कारण तेव्हा ती काहीच सांगत नव्हती.

सोडियम हळूहळू वाढवावं लागतं, चोवीस तासांत आठ-दहाच्या वर नाही, नाहीतर मेंदूला इजा होते. त्यामुळे चार दिवस आम्ही रिपोर्टचे आकडे मोजत बसलो, ११४, ११९, १२४. त्या चार दिवसांत तिचे हात बांधावे लागले कारण ती सलाईन उपटत होती. याला डिलिरियम म्हणतात, हे डिमेन्शिया नव्हे. डिमेन्शिया महिने-वर्षं घेत येतो. डिलिरियम तासा-दिवसांत येतो, सकाळी एक संध्याकाळी एक असं हेलकावे खातो, आणि बहुतेक वेळा शरीरात दुसरं काहीतरी बिघडलेलं असतं म्हणून येतो, लघवीचं इन्फेक्शन, न्युमोनिया, शुगर खाली जाणं, पोट साफ नसणं, नवीन गोळी. आणि दरवेळी माणूस आरडाओरडा करतोच असं नाही, कधीकधी नुसता गप्प पडून राहतो आणि घरच्यांना वाटतं शांत झोपलेत. तुमच्या घरचं म्हातारं माणूस दोन दिवसांत अचानक वेगळं वागायला लागलं तर "वय झालं" म्हणू नका हो, त्याच दिवशी दाखवा.

तिथेच आम्हाला एक वयस्कर डॉक्टर भेटले. डिस्चार्जच्या आधी त्यांनी दादाला सांगितलं, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, रिकामी पाकिटं, आयुर्वेदिक, सर्दीच्या, काकूंनी दिलेल्या, सगळ्या. दादाने भाजीची पिशवी भरून आणली. टेबलावर मांडल्यावर चौदा निघाल्या, त्यातल्या दोन एकच औषध वेगळ्या नावाने. थायरॉईडची आणि कॅल्शियमची ती सकाळी चहाबरोबर एकदमच घेत होती, त्यामुळे थायरॉईडची गोळी अंगी लागतच नव्हती, थायरॉईडची टेस्ट, टीएसएच, १४ निघाली, म्हणजे बरीच वाढलेली. मेटफॉर्मिन इतकी वर्षं, त्यात शाकाहारी, बी ट्वेल्व्ह १४० पर्यंत उतरलेलं. थायरॉईड आणि बी ट्वेल्व्ह या दोन्हींची कमतरता माणसाला मंद, उदास आणि विसराळू करते. डोनेपेझिल आणि बीपीची मेटोप्रोलॉल, दोन्ही नाडी मंद करणाऱ्या, म्हणून चक्कर, नाडी ४८ होती. उजवा कान मळाने गच्च. निम्मे प्रश्न तिला ऐकूच येत नव्हते!

मग त्यांनी खुर्ची ओढली, आईच्या डाव्या कानाशी बसले आणि विचारलं, "बाई, शाळा कुठली तुमची?" बाई. अण्णा गेल्यापासून तिला कुणी बाई म्हटलं नव्हतं. तिने शाळेचं नाव सांगितलं. गावाचं सांगितलं. मुलं किती होती वर्गात? ती म्हणाली बेचाळीस. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आणि मग त्यांनी त्याच आवाजात विचारलं, "बाई, जगावंसं वाटतं का?"

आई म्हणाली, "नाही."

माहीत नाही असं नाही म्हणाली ती. नाही म्हणाली. दीड वर्षातलं तिचं पहिलं ठाम उत्तर.

डॉक्टरांनी नंतर आम्हाला समजावलं की म्हातारपणीचं डिप्रेशन रडत येत नाही, ते विसरल्यासारखं येतं, दुखण्यासारखं येतं, भूक नसल्यासारखं येतं. ज्याला खरोखर स्मृतिभ्रंश आहे तो बहुतेकदा उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, चुकतो, वेळ मारून नेतो, "हे काय विचारता" म्हणून विषय बदलतो. डिप्रेशनवाला "माहीत नाही" म्हणतो, त्याच्यात उत्तर शोधायची ताकदच नसते. १९६१ मध्ये किलोह नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने याला स्यूडोडिमेन्शिया म्हटलं, म्हणजे खोटा डिमेन्शिया. पण आमचे डॉक्टर म्हणाले मला तो शब्द आवडत नाही, कारण यात खोटं काहीच नसतं आणि बऱ्याच जणांमध्ये पुढे खरा डिमेन्शिया येतोच, दोन्ही हातात हात घालून येतात. शुगर, बीपी, बहिरेपण, एकटेपणा, डिप्रेशन ही सगळी डिमेन्शियाचीसुद्धा कारणं मानली जातात. लॅन्सेटच्या २०२४ च्या अहवालात अशी चौदा कारणं दिली आहेत आणि ती सगळी आवरता आली तर जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असं म्हटलंय. आपल्या देशात साठीच्या पुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा असा अंदाज २०२३ मध्ये आला, शंभरात सात-साडेसात. आणि मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या लासी नावाच्या, देशभरातल्या वयस्कर लोकांच्या सर्वेक्षणात साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये डिप्रेशन दिसलं, पण कधीतरी डॉक्टरांकडून तसं निदान झालंय असं सांगणारे फक्त ०.८ टक्के. दहातल्या नऊ जणांना कुणी विचारलंच नाही. आपल्याकडे साठी बुद्धी नाठी ही म्हण मात्र सगळ्यांना पाठ. मला आता ती म्हण ऐकवत नाही.

मग काय केलं. ऑक्सिब्युटिनिन, अॅमिट्रिप्टिलीन, डोनेपेझिल बंद. बीपीची गोळी बदलली. अल्प्राझोलाम एकदम नाही, तीन महिने घेऊन थोडी थोडी कमी करत बंद केली, ती एकदम तोडली तर फिट येऊ शकते, तेव्हा कृपा करून हे वाचून कुणी घरी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका, पिशवी भरून डॉक्टरांकडे न्या. शुगर थोडी सैल सोडली, या वयात शुगर फार कडक ठेवली तर ती खाली जाण्याचा धोका जास्त आणि त्याचा मेंदूला फटका बसतो. बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, कॅल्शियम रात्री. डिप्रेशनसाठी मिर्टाझापिन, तिने भूकही लागते आणि झोपही येते, सोडियमला धोका त्यामानाने कमी, तरी पंधरा दिवसांनी टेस्ट. कानातला मळ काढला. मशीनसुद्धा घेतलं, ते बरेचदा ती काढून ठेवते.

गोळ्यांनी निम्मं काम केलं असेल. उरलेलं वहिनीने केलं. तिने शेजारची दोन पोरं संध्याकाळी आईसमोर पाढे म्हणायला आणून बसवली. पहिले काही दिवस आई भिंतीकडे बघत बसली. मग एक दिवस पोरगा सात आठे चोपन्न म्हणाला आणि आई म्हणाली, "छप्पन्न. परत म्हण." वहिनीने ते वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय. त्या वहीचं डॉक्टरांना सगळ्यात जास्त कौतुक, दर फॉलोअपला आधी वही मागतात, रिपोर्ट नंतर. वजन ४३ किलोपर्यंत उतरलं होतं ते ४९ झालं. मला परत फोन यायला लागला, बातम्या संपल्यावर.

पण दमलेली वहिनीसुद्धा मी बघितलीय. रात्री तीनला उठून चादरी बदलणारी, माहेरी दोन दिवस जायचं तर सतरा जणांना विचारणारी. लांब राहणाऱ्या आम्ही लेकींनी फोनवरून सल्ले देण्याऐवजी महिन्यातून चार दिवस जाऊन राहावं, मी आता जाते. तिला एकदा मी टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर दिला, तो फुकट आहे, आपल्या भाषेत बोलतात. ती आईसाठी दिलाय असं समजली होती. मी म्हटलं, तुझ्यासाठी.

यावर्षी मार्चमध्ये परत ती तीस मार्कांची परीक्षा झाली. तेवीस. घड्याळ काढलं तिने. आकडे सगळे नीट, बारा वर, सहा खाली, काटे मात्र दहावर आणि अकरावर, म्हणजे मोठा काटा दोनवर हवा होता तो "दहा मिनिटं" ऐकलं तसा दहावर. आमच्या चेहऱ्यावर आनंद होता. डॉक्टर थोडा वेळ तो कागद बघत राहिले आणि म्हणाले, आपल्याला जे परत आणता येणार होतं ते बहुतेक आलं, आता हे जे उरलंय ते खरं आहे. रक्तवाहिन्यांचा थोडा, अल्झायमरचा थोडा, सुरुवातीचा. मी विचारलं मग पहिल्या डॉक्टरांचं निदान बरोबरच होतं का? ते म्हणाले, अर्धं बरोबर होतं, आणि त्याच्यामुळे बाकी कुणी बघितलं नाही.

आता ती "माहीत नाही" म्हणत नाही. काल कोण आलं होतं विचारलं तर सांगते, रंगवून सांगते, सुमनमावशी आली होती, दडपे पोहे केले, तिच्या नातीचं लग्न ठरलंय. सुमनमावशी जाऊन नऊ वर्षं झाली. मला आता फरक कळतो. तो कळून त्रास होतो, पण ती बोलतेय, जेवतेय, पोरांना पाढ्यात चुका काढतेय.

मागच्या रविवारी कराडलाच होते. आईने हट्टाने कढी केली. मी ओट्याजवळच उभी होते, तिने मीठ घातलं, ढवळलं, खिडकीतून बाहेर बघत काहीतरी गुणगुणली, आणि परत मिठाच्या डब्यात चमचा घातला. मी काही म्हणायच्या आत वहिनीने डोळ्यांनी मला थांबवलं. आई देवघरात गेल्यावर तिने फ्रिजमधून ताकाचं भांडं काढलं, अर्धं त्या कढीत ओतलं, गॅस बारीक केला. आई परत आली, पातेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढी कशी गं झाली? कोण येणारे जेवायला?"

"ताई आल्यात ना," वहिनी म्हणाली.

"मग बरंय," आई म्हणाली आणि ताटं घ्यायला लागली.